केदारची वही : अकाली गेलेल्या मित्राची आठवण जपण्याचे एक प्रकरण

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. केदार हे त्याचे खरे नाव नाही. त्याच्या आईवडिलांनी आणि बहिणीने हा मजकूर वाचून संमती दिली आहे.)

पार्श्वभूमी

केदार गेला तेव्हा 23 वर्षांचा होता. कॉलेजची तीन वर्षे आम्ही पाच जण कायम बरोबर असायचो. विषय वेगवेगळे, तरी दुपारी वाचनालयातले खिडकीजवळचे टेबल आमचे ठरलेले. मी रसायनशास्त्राची, एक मित्र भौतिकशास्त्राचा, एक मैत्रीण साहित्याची, चौथा केदारचा रूममेट. केदार गणिताचा.

त्याला गणित दिसायचे, आणि दिसलेले दुसऱ्याला दाखवल्याशिवाय चैन पडायचे नाही. पहिल्या वर्षातली एक दुपार मला लख्ख आठवते. त्याने माझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलचे शेवटचे पान उलटले आणि 4 हा आकडा किती प्रकारे फोडता येतो ते लिहायला सांगितले. 4, 3+1, 2+2, 2+1+1, 1+1+1+1. झाले पाच प्रकार. मग म्हणाला, "9 चे 30 होतात, 14 चे 135, 19 चे 490. हे माझ्यावर विश्वास ठेवून घे. आता सांग, काय दिसतंय?" आणि गप्प बसला. केदार गप्प बसायचा म्हणजे खरोखर गप्प बसायचा. सूचना नाही, हसू नाही, घाई नाही. हनुवटी मुठीवर टेकवून आपल्याकडे बघत राहायचा, जणू उत्तर आपल्याकडेच आहे आणि त्याला फक्त थांबायचे आहे. चार-पाच मिनिटांनी मी म्हणाले, सगळ्यांना 5 ने भाग जातो. त्याने टेबलावर अशी थाप मारली की ग्रंथपाल उठून आले.

हा नियम त्याने बारावीत असताना स्वतः हाताने तक्ता करून शोधला होता. पुढे त्याला कळले की रामानुजन यांनी तो 1919 साली सिद्धतेसह प्रसिद्ध केला आहे. "वाईट नाही वाटलं?" असे मी विचारले तर म्हणाला, "वाईट कशाला? म्हणजे मी योग्य रस्त्यावर होतो." हे वाक्य तेव्हा आम्ही हसून सोडून दिले. पुढे ते आमच्या फार कामी आले असते, पण वेळेवर आठवले नाही.

केदारला पंधराव्या वर्षापासून अपस्मार होता. फीट बहुतेक झोपेत यायच्या. कॉलेजात हे फक्त आम्हाला चौघांना माहीत होते, कारण घरून त्याला तशी सक्त ताकीद होती. गोळ्या तो घ्यायचा, पण वही उघडली की जागरणे व्हायची, आणि जागरण झाले की फीट यायची. पदवीनंतर दुसऱ्या वर्षी, एका सकाळी तो भाड्याच्या खोलीत अंथरुणातच मृतावस्थेत सापडला. खोलीत एकटा होता.

याला वैद्यकात वेगळे नाव आहे : अपस्मारात अचानक येणारा अनपेक्षित मृत्यू. अपस्मार असलेल्या प्रौढांत वर्षाला साधारण 1,000 पैकी एकाच्या वाट्याला तो येतो. ज्यांना सर्वांगाला झटके येणाऱ्या फीट वारंवार येतात, त्यांना धोका जास्त, आणि असे मृत्यू बहुधा रात्री, झोपेत, जवळ कुणी नसताना होतात. आम्हाला हे सगळे नंतर कळले.

प्रश्न

पहिल्याच आठवड्यात आम्ही चौघे "काहीतरी करायला हवं" असे म्हणू लागलो. ते काहीतरी म्हणजे काय, हे ठरायला दीड वर्ष गेले. अडचणी तीन होत्या, आणि तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या.

पहिली म्हणजे त्याची वही. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, जवळजवळ पूर्ण पेन्सिलीने लिहिलेली, पानापानांत चिठ्ठ्या खोचलेली. केदारच्या आईने, काकूंनी, ती आमच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "यात काय आहे ते आम्हाला कळत नाही. तुम्ही बघा." तिच्यात गणित होते, आणि मधली काही पाने गणिताची नव्हती.

दुसरी अडचण मृत्यूच्या कारणाची. घरच्यांनी सगळ्यांना हृदयविकाराचा झटका असे सांगितले होते. त्याच्या वडिलांनी, काकांनी, आम्हाला बाजूला घेऊन हेच सांगायची विनंती केली. धाकट्या मुलीचे पुढे कसे होणार ही त्यांची काळजी होती, आणि ती काळजी उडवून लावायचा अधिकार आम्हाला नव्हता.

तिसरी अडचण आम्ही स्वतः. प्रत्येकाचा केदार वेगळा होता आणि प्रत्येकाला तोच खरा वाटत होता. भौतिकशास्त्राच्या मित्रासाठी तो जगाने हुकवलेला गणिती. साहित्याच्या मैत्रिणीसाठी तो अर्ध्यावर तुटलेली कविता. रूममेट तर बोलतच नव्हता. नोकरीसाठी तो दीड महिन्यापूर्वीच खोली सोडून गेला होता, आणि या एका गोष्टीभोवती तो फिरत राहिला होता.

पहिला निर्णय, जो घेतलाच गेला नाही

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या पाच जणांच्या ग्रुपवर राखाडी अक्षरांत एक ओळ आली : केदार ग्रुपमधून बाहेर पडला. कुणी काढले नव्हते. नंबर बंद पडला होता, आणि ते ॲप साधारण 120 दिवस न वापरलेली खाती आपोआप बंद करते. ती ओळ बघून मी फोन उलटा करून ठेवला. अर्ध्या तासाने भौतिकशास्त्राच्या मित्राचा फोन आला. आम्ही दोघे काहीच बोललो नाही, नुसते ऐकत राहिलो.

त्या खात्याबरोबर काय गेले हे नंतर हळूहळू लक्षात आले. केदारला बोलून पाठवायची सवय होती. एखादे कोडे सुचले की तो दोन-तीन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवायचा, आणि शेवटी ठरलेले, "आता तू सांग." आमच्यापैकी दोघांनी दरम्यान फोन बदलले होते. त्याच्या स्वतःच्या फोनला पासवर्ड होता. मिळून सगळे शोधले तेव्हा 7 निरोप हाती लागले. शंभरावर तरी असतील.

निर्णयाचा खरा क्षण हा होता, आणि आम्हाला तो कळलाही नाही. स्मारक काय करायचे यावर आम्ही तासन्‌तास बोलत होतो, आणि त्याचा आवाज मात्र दिवसागणिक नाहीसा होत होता. पहिल्या दोन आठवड्यांत करायची कामे अगदी साधी होती : नंबर चालू ठेवायला घरच्यांना सांगणे, प्रत्येकाने आपापल्या फोनमधले संभाषण बाहेर काढून ठेवणे, ईमेल खात्याचे काय करायचे ते विचारणे. गुगलसारख्या खात्यांत आपण हयात असतानाच एक सोय करून ठेवता येते : ठरावीक महिने खाते वापरले गेले नाही तर त्यातला मजकूर कुणाला मिळावा हे नोंदवता येते. 23 व्या वर्षी कोण तसे नोंदवून ठेवतो?

समोरचे पर्याय

सहाव्या महिन्यात आम्ही नीट बसलो. काका-काकूंना बोलावले होते. बहिणीला बोलावले नाही. ती 17 वर्षांची होती, तिची परीक्षा होती, आणि आम्ही तिला अजून "छोटी" म्हणत होतो.

पहिला पर्याय त्याच्या नावाच्या शिष्यवृत्तीचा. सगळ्यांना आधी तोच सुचतो. रूममेटला हिशेब कळायचा, त्याने तो मांडला. बक्षीस कायम चालायचे तर ते व्याजातून द्यावे लागते, आणि व्याज 4-5 टक्के धरले तर दरवर्षी जेवढी रक्कम द्यायची तिच्या 20 ते 25 पट मुद्दल आधी ठेवावे लागते. शिवाय महागाईने रक्कम झिजते ते वेगळेच. आमच्या पहिल्या नोकऱ्या होत्या. काकू हळूच म्हणाल्या, "पहिल्या नंबराला बक्षीस देणार का? तो कधी पहिला आला नाही." खरेच होते. परीक्षेत जेवढे विचारले तेवढे लिहायला त्याला कधीच जमले नाही. तो पर्याय तिथेच मागे पडला.

दुसरा पर्याय वही शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध करण्याचा. भौतिकशास्त्राच्या मित्राचा याबद्दल फार आग्रह होता. वहीत केदारने 5 ने भाग का जातो याचे एक चित्रच काढले होते. प्रत्येक फोडीतल्या सर्वांत मोठ्या आकड्यातून आकड्यांची संख्या वजा करायची. 4 च्या पाच फोडींसाठी 3, 1, 0, उणे 1, उणे 3 येतात. त्यांना 5 ने भागून बाकी काढली की 3, 1, 0, 4, 2. पाच फोडी, पाच वेगळ्या बाक्या, प्रत्येकीच्या वाट्याला एकेक कप्पा. 9 च्या 30 फोडी प्रत्येक कप्प्यात बरोबर 6 बसत होत्या. पानभर बारीक चौकोन आखून त्याने एकेक फोड कप्प्यात टाकली होती. हे नवे असले तर? या "असले तर"ने आम्हाला पछाडले होते.

तिसरा पर्याय मैत्रिणीचा : एक मोठा लेख, अकाली गेलेल्या प्रतिभेवर. तिने एवरिस्त गाल्वाची गोष्ट आणली होती. 20 वर्षांचा फ्रेंच गणिती, 1832 साली द्वंद्वात मारला गेला, आदल्या रात्री मित्राला पत्र लिहून आपले सगळे गणित सांगून गेला. केदारवर ही गोष्ट चपखल बसेल असे तिला वाटत होते.

मी त्या गोष्टीच्या मागे लागले, आणि जे सापडले त्याने माझे मत फिरले. एका रात्रीत सगळे लिहिले ही दंतकथा आहे. गाल्वाचे शोधनिबंध 1829 पासूनच फ्रान्सच्या विज्ञान अकादमीकडे जात होते. त्या रात्री त्याने आधीच्या कामावर हात फिरवला आणि ओगुस्त शव्हालिए या मित्राला सारांश लिहिला. पुढचे कष्ट त्या मित्राचे. त्याने आणि गाल्वाच्या भावाने कागदांच्या नकला केल्या, जाणकारांकडे पाठवल्या, आणि अखेर लिउव्हिल या फ्रेंच गणितज्ञांनी 1846 साली ते छापले. मधली 14 वर्षे कुणीतरी ते कागद जपले, पुन्हा पुन्हा पाठवले. मित्राचे काम हे असते असे मला वाटले. गोष्ट रंगवणारे पुढे कुणीही भेटतात.

चौथा पर्याय रूममेटने, पहिल्यांदा तोंड उघडून, सांगितला : काहीही छापायचे नाही, फक्त ज्याला जे आठवते ते लिहून ठेवायचे, आणि तो कशाने गेला ते खरे लिहायचे. काका उठून गॅलरीत गेले. बैठक तिथेच संपली.

काय केले : वही

ठरले एवढेच की आधी वही जाणकाराला दाखवायची. त्यासाठी आम्ही ती स्कॅन केली, आणि इथे एक चूक झाली जिची भरपाई होत नाही. पाने सपाट बसावीत म्हणून आत खोचलेल्या 11 चिठ्ठ्या काढून एका पाकिटात ठेवल्या. कोणती चिठ्ठी कोणत्या पानात होती हे कुणीही टिपले नाही.

संख्या सिद्धांतातल्या या शाखेत काम केलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी वही तीन आठवडे ठेवून घेतली. आम्हाला बोलावले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा चौकोनांचे पान उघडले आणि शांतपणे सांगितले की ही वजाबाकी फ्रीमन डायसन यांनी 1944 साली केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या गणित नियतकालिकात मांडली. तेव्हा ते 20 वर्षांचे होते. 1954 मध्ये ॲटकिन आणि स्विनरटन-डायर यांनी ती सिद्ध केली. केदारने सिद्धता दिली नव्हती, 24 पर्यंत पडताळून पाहिले होते.

भौतिकशास्त्राच्या मित्राचा चेहरा पडला. मलाही घशात काहीतरी अडकल्यासारखे झाले, जणू केदार दुसऱ्यांदा हातातून गेला. "मी योग्य रस्त्यावर होतो" हे वाक्य तेव्हा आठवायला हवे होते. ज्याच्यासाठी आम्ही खंतावत होतो, त्याने या बातमीवर टेबलावर थाप मारली असती.

प्राध्यापक पुढे गेले. केदारने तीच युक्ती 11 साठी लावून पाहिली होती, कारण रामानुजन यांचा तसाच नियम 11 लाही आहे. 6 च्या 11 फोडी होतात. पण 4+1+1 मधून 1 येतो आणि 3+3 मधूनही 1च. दोन फोडी एकाच कप्प्यात. त्या ओळीखाली केदारने पेन्सिल दाबून लिहिले होते : "दोघांनाही 1. इथे मोडलं." हे डायसन यांनाही दिसले होते. 11 साठी वेगळे काहीतरी माप असले पाहिजे असे म्हणून त्यांनी ते सापडण्याआधीच त्याला नाव देऊन ठेवले होते. ते माप अँड्र्यूज आणि गार्व्हन यांनी 1988 मध्ये दिले. त्यात फोडीतले 1 किती हे आधी मोजतात आणि त्यावरून पुढचा हिशेब बदलतो.

मग त्यांनी पाकिटातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर एकच ओळ होती : "एकांचा हिशेब वेगळा ठेवायला हवा." त्यांनी विचारले, "ही कुठल्या पानात होती?"

आम्ही एकमेकांकडे बघितले. "इथे मोडलं" या पानात असेल तर केदार योग्य दरवाजासमोर उभा होता. दुसऱ्या कुठल्या पानात असेल तर कदाचित दुसऱ्याच कशाबद्दल लिहिले असेल. कुणालाच सांगता येईना. जुने कागद हाताळणारे मूळ क्रमाला एवढे का जपतात ते मला त्या खोलीत कळले.

निबंधाचा पर्याय तिथे संपला. प्राध्यापकांनी दुसरे काहीतरी दिले : प्रत्येक पानावर एक टीप. हे माहीत असलेले, हे चुकलेले, हे अपुरे, इथे चांगला प्रश्न विचारला आहे. "चांगला प्रश्न" ही टीप सर्वांत जास्त वेळा होती.

काय केले : घरचे

दरम्यान मैत्रिणीने आठवणींच्या पुस्तिकेचा मसुदा केला आणि तो घरी वाचायला दिला. चार दिवसांनी मला बहिणीचा फोन आला. "ताई, हा कोण आहे?" तिने विचारले. "हा कधी चिडत नाही. हा कधी खोटं बोलत नाही. माझा दादा गोळी घेतली म्हणून सांगायचा आणि ती उशीखाली ठेवायचा, कारण गोळीनं डोकं जड होतं, गणित सुचत नाही म्हणायचा. मला सापडली की मी ओरडायचे, तो माझ्यावर ओरडायचा. रात्री त्याला फीट आली की मीच उठायचे. तुम्ही हे काहीच लिहिलं नाही. मग मी कोणाबरोबर राहत होते?"

मी तिला छोटी म्हणायचे त्या दिवशी सोडले.

पुढच्या रविवारी ती बैठकीला आली. काकांशी बोलायचे काम तिनेच केले, आमच्यासमोर. तिचे म्हणणे सरळ होते : माझ्या पुढच्या आयुष्याच्या काळजीने लपवत असाल, तर माझी हरकत नाही. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारले, "लिहून कुणाचं भलं होणार?" रूममेट म्हणाला, "माझं झालं असतं." त्याने सांगितले की दोन वर्षे केदारबरोबर राहूनही फीट आली तर काय करायचे हे त्याला कुणी शिकवले नव्हते. कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, धरून दाबायचे नाही, वेळ बघायची, आणि 5 मिनिटांत थांबली नाही तर तातडीने मदत बोलवायची. पहिल्यांदा फीट पाहिली तेव्हा त्याने केदारच्या दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला होता. हे तो इतकी वर्षे कुणाला बोलला नव्हता.

त्या सुमारास आम्ही केदारच्या डॉक्टरांनाही भेटलो. रूममेटला जे विचारायचे होते ते त्याने विचारले : मी तिथे असतो तर? डॉक्टरांनी गोड उत्तर दिले नाही. रात्री जवळ कुणी असेल तर धोका कमी होतो, म्हणाले, पण टळेलच असे नाही, आणि नोकरीसाठी खोली सोडणे हा दोष नव्हे. जगात साधारण 5 कोटी लोकांना अपस्मार आहे, नीट निदान आणि उपचार मिळाले तर त्यांतले 70 टक्क्यांपर्यंत लोक फीटशिवाय जगू शकतात, हेही त्यांनीच सांगितले. खरे उत्तर मिळाल्यावर रूममेट हलका झाला असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून तो आमच्यात बोलू लागला.

कारण खरे लिहायचे, हे काकांनी तीन आठवड्यांनी फोन करून सांगितले. "तुम्ही लिहा. माझ्या नावानं लिहा हवं तर."

राहिली वहीतली ती मधली पाने. गणित नसलेली, पाच. भौतिकशास्त्राच्या मित्राने स्कॅन करताना त्यांवर नजर टाकली होती आणि थांबला होता. लेखकाच्या अप्रकाशित लिखाणाचा हक्क त्याच्या वारसांकडे जातो. लेखनहक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार तो मृत्यूनंतर किमान 50 वर्षे टिकतो. कायद्याने प्रश्न सुटला तरी आमचा सुटत नव्हता. ती पाने आम्हाला दाखवायची त्याची इच्छा होती असे मानायला काहीच आधार नव्हता. ती पाने वहीतच राहू दिली, त्यांवर कागदाचा पट्टा गुंडाळला, त्यांचे स्कॅन एका ड्राइव्हवर घालून लिफाफ्यात बंद केले आणि लिफाफा बहिणीकडे दिला. बाकी सगळीकडून ते पुसले.

परिणाम

पुस्तिका 64 पानांची झाली. पहिला अर्धा भाग वहीतली निवडक पाने, शेजारी प्राध्यापकांच्या टिपा, चुकांसकट. दुसऱ्या भागात आम्हा चौघांचे आणि बहिणीचे लेखन. तिचे सर्वांत लांब आणि सर्वांत चांगले आहे. उशीखालच्या गोळीपासून ते सुरू होते. एक पान फक्त फीट आल्यावर काय करायचे याचे. पाकिटातली ती चिठ्ठी छापली आहे, आणि खाली लिहिले आहे : ही कोणत्या पानात होती ते आम्ही हरवले.

मैत्रिणीचा मोठा लेख छापला नाही. ती रागावली, वर्षभर दुरावा राहिला. ते नुकसान मी हिशेबात धरते. तिच्या लेखात वाईट काही नव्हते, त्यात केदारच नव्हता. हे तिला सांगण्याची माझी रीत कोरडी होती. तिने तो लेख रडत लिहिला होता हे मला ठाऊक असायला हवे होते.

वर्षातून एकदा आम्ही कॉलेजात दोन तास जमतो. कुणीही विद्यार्थी येऊन आपल्या विषयातली एक गोष्ट, तो विषय नसलेल्या एकाला समजावतो. नियम एकच : प्रश्न विचारला की समोरच्याला सुचेपर्यंत बोलणाऱ्याने थांबायचे. पहिल्या वर्षी 9 जण आले. बोलणाऱ्यांना थांबणे किती जड जाते ते बघितले की केदार काय करायचा ते कळते. दुसऱ्या वर्षी एक मुलगी नंतर मागे थांबली, पुस्तिकेतले फीटचे पान तिच्या हातात होते. तिने फक्त विचारले, "हे मी माझ्या रूममेटला देऊ शकते ना?"

वेगळे काय करता आले असते

बहिणीला पहिल्या दिवसापासून बोलवायला हवे होते. वयाचे कारण पुढे केले, खरे म्हणजे तिचे दुःख आमच्यापेक्षा मोठे असेल या भीतीने आम्ही तिला टाळले. घरात जो रात्री उठतो त्याला सर्वांत जास्त माहीत असते.

आवाज आधी, स्मारक नंतर. पहिल्या पंधरवड्यात फोन आणि खात्यांचे काम कुणा एकाच्या नावावर टाकायचे, बाकीच्यांनी त्याला विचारत राहायचे. दुःखात सगळेच "कुणीतरी करेल" असे धरून चालतात.

कागदांना हात लावण्याआधी ते जसे आहेत तसे फोटो. चिठ्ठी जागेवर असताना एक, उचलल्यावर एक, आणि पाठीमागे हलक्या पेन्सिलीने पान क्रमांक. आम्ही तर सुरुवातीला फाटलेल्या कडांना चिकटपट्टीही लावली. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद खाते, लॅमिनेशन तर त्याहून वाईट. आता वही आम्लरहित कागदात गुंडाळून पेटीत आहे. स्कॅनच्या तीन प्रती आहेत, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या घरी.

प्राध्यापकांकडे जाताना आम्ही "हे नवे आहे का?" हा एकच प्रश्न घेऊन गेलो. "तो कसा विचार करत होता?" असे विचारले असते तर त्या खोलीतली ती पहिली दहा मिनिटे आमच्या वाट्याला आली नसती. तरी याबाबत माझे मन पुरते ठरत नाही. मित्राला तो नव्हता त्याहून मोठे करायची इच्छा चुकीची असेल, पण तिच्याशिवाय आम्ही ती वही कुणाकडे नेलीच नसती.

आणि कारण खरे सांगण्याचा निर्णय आम्ही काकांवर लादायच्या बेतात होतो. बहीण आली नसती तर लादलाच असता, आणि पुस्तिका निघाली असती, घर तुटले असते. ती वाट बरोबर होती की नव्हती हे परिणामावरून ठरवू नये असे मला वाटते. आम्ही थांबलो नाही, थांबवले गेलो.

लिफाफा बहिणीकडे आहे. तिने तो उघडला की नाही ते आम्ही विचारत नाही.